कॅल्क्युलेटर तीन, उत्तरं तीन: पाइपातल्या घर्षणाचं हेड काढायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवायचं आहे. उभी उंची २२ मीटर, पाइप ७५ मि.मी.चा एचडीपीई (प्लास्टिकचा), लांबी ६०० मीटर. घर्षणाचं हेड, म्हणजे घर्षणात खर्ची पडणारा दाब पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये, काढायला तुम्ही तीन कॅल्क्युलेटर वापरले. सेकंदाला ५ लिटर प्रवाह भरल्यावर एकाने १० मीटर सांगितलं, दुसऱ्याने १८, तिसऱ्याने २१. तुम्ही १० धरले, २२ मध्ये मिळवून ३२ केले आणि ५ लिटरला ३४.५ मीटर हेड देणारा पंप घेतला. आता २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरायला हवा, त्याला ४६ सेकंद लागतात. तिन्हींतलं खरं उत्तर कोणतं आणि मोठा पंप बसवावा का, एवढं तुम्हाला हवंय.

तिन्ही कॅल्क्युलेटरचं गणित बरोबर आहे. फरक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा आहे, तो खाली सोडवून दाखवतो. पण त्याआधीची अडचण मोठी आहे. घर्षणाचं हेड हा पाइपचा ठरलेला गुण नाही. प्रवाह किती ते सांगितल्याशिवाय घर्षण काढता येत नाही आणि घर्षण किती ते कळल्याशिवाय पंप किती प्रवाह देईल ते ठरत नाही. तुम्ही तिन्ही वेळा ५ लिटर धरलेत, आणि तुमच्या लाइनमधून ५ लिटर जातच नाहीत. म्हणजे सगळ्यात बरोबर कॅल्क्युलेटरनेही तुम्हाला अशा प्रवाहाचं घर्षण दिलंय जो प्रत्यक्षात नाही.

आता १० मीटर कुठून आले ते बघू. तिथे तुम्ही व्यास ७५ भरला असणार. एचडीपीई पाइपवर लिहिलेला व्यास बाहेरचा असतो. तुम्ही पाठवलेल्या तपशिलात भिंतीची जाडी ४.५ मि.मी. आहे, ती दोन्ही बाजूंनी वजा केली की पाण्याला मिळणारी वाट ६६ मि.मी.ची उरते. ९ मि.मी.चा फरक किरकोळ वाटतो, पण घर्षणाच्या सूत्रात व्यास जवळजवळ पाचव्या घातात बसतो. ७५ भागिले ६६ म्हणजे १.१३६, आणि त्याचा ४.८७ वा घात १.८६. घर्षण ८६ टक्क्यांनी कमी धरलं गेलं असं म्हणत नाही मी, खरं घर्षण तुमच्या आकड्याच्या १.८६ पट निघतं; १० चे थेट १८ च्या वर. याच बाहेरच्या व्यासाच्या पाइपची दाबाची श्रेणी वाढली की भिंत जाड होते, म्हणजे आतली वाट आणखी अरुंद. त्यामुळे मी गणित सुरू करण्याआधी पाइपवरचा छापील मजकूर वाचतो, आणि तो पुसला असेल तर कापलेल्या टोकाला व्हर्नियर लावतो. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपच्या बाबतीत उलटी गंमत असते, तिथे सांगितला जाणारा माप-आकडा ना बाहेरच्या व्यासाशी जुळतो ना आतल्या. कोणताही पाइप असो, सूत्रात जातो तो आतला मोजलेला व्यास.

१८ आणि २१ यांच्यातला फरक त्यामानाने निरुपद्रवी आहे. हे दोन्ही आकडे हेझन-विल्यम्सच्या सूत्रातून येतात, आणि त्यात पाइपच्या गुळगुळीतपणासाठी सी नावाचा एक गुणांक असतो. नव्या प्लास्टिक पाइपला कोणी १५० धरतं, कोणी सावधपणे १४०. एवढ्याशा फरकाने घर्षण साधारण १४ टक्के बदलतं. सूत्र असं: लांबी मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला लिटरमध्ये आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या. प्रवाहाला सी ने भागून त्याचा १.८५२ वा घात काढा, त्याला लांबीने आणि १,२१० कोटींनी गुणा, मग व्यासाच्या ४.८७ व्या घाताने भागा. उत्तर मीटरमध्ये मिळतं. तुमचे आकडे घातले की सी १५० ला १८.४ मीटर येतात आणि १४० ला २०.९.

हे सूत्र प्रयोगांच्या नोंदींवरून बसवलेलं आहे. साध्या तापमानाचं पाणी, खळाळता प्रवाह आणि फार बारीक नसलेले पाइप, या चौकटीत ते उत्तम चालतं. गरम पाणी, तेल, दाट द्रव यांसाठी ते वापरू नका. तिथे डार्सी-वाइसबाखचं सूत्र लागतं, आणि मला विचाराल तर एकदा तरी पाण्यासाठीही ते हाताने करून बघावं, कारण त्यात काय चाललंय ते दिसतं. तुमच्या पाइपात ५ लिटरला वेग १.४६ मीटर प्रति सेकंद. वेगाचा वर्ग भागिले १९.६२ केलं की ०.१०९ मीटर, हे वेगाचं हेड. पाइपची लांबी व्यासाच्या ९,०९१ पट आहे. उरला घर्षणाचा गुणांक. तो रेनॉल्ड्स अंकावर (प्रवाह शांत की खळाळता हे सांगणारा आकडा) आणि आतल्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर ठरतो. तुमच्याकडे रेनॉल्ड्स अंक ९६,००० च्या आसपास आहे, म्हणजे प्रवाह पक्का खळाळता. पूर्वी या गुणांकासाठी १९४४ चा मूडीचा आलेख समोर ठेवून रेघा मारायच्या. आता स्वामी आणि जैन यांचं १९७६ चं सूत्र स्प्रेडशीटच्या एका खान्यात मावतं. त्यातून ०.०१८६ येतो. ९,०९१ गुणिले ०.१०९ गुणिले ०.०१८६, म्हणजे १८.४ मीटर. सी १५० धरलेल्या उत्तराशी नेमकं जुळलं. नव्या, गुळगुळीत पाइपला ते जुळायलाच हवं. एक धोका मात्र लक्षात ठेवा: काही पुस्तकांतल्या आलेखांवर घर्षणाचा गुणांक याच्या एक-चतुर्थांश छापलेला असतो, कारण त्यांचं सूत्र वेगळ्या पद्धतीने मांडलेलं असतं. गुणांक एका ठिकाणचा आणि सूत्र दुसऱ्या ठिकाणचं घेतलं की उत्तर चौपट तरी होतं किंवा पाव तरी.

आता फिटिंग्ज. तुमच्या यादीत जाळीचा फूट व्हॉल्व्ह (पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तळाशी असतो तो), एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारा), एक गेट व्हॉल्व्ह आणि सहा एल्बो आहेत. प्रत्येकाचं नुकसान वेगाच्या हेडच्या पटीत धरतात. मी फूट व्हॉल्व्हला २.५, नॉन-रिटर्नला २, आट्यांच्या एल्बोला प्रत्येकी ०.९, पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हला ०.२ आणि पाइपाच्या तोंडाशी वाया जाणाऱ्या वेगाचा १ धरला. बेरीज ११.१, गुणिले ०.१०९, म्हणजे १.२ मीटर. १८ मीटरपुढे हे फार नाही. लांब लाइनमध्ये एल्बो मोजत बसण्यात अर्थ नसतो, तो वेळ आतला व्यास नीट मोजण्यात घालवा. लाइन १५-२० मीटरची असेल तर मात्र पारडं फिरतं, तिथे फूट व्हॉल्व्ह आणि एल्बोच पाइपाहून जास्त हेड खातात.

उंचीबद्दल दोन शंका विचारून ठेवतो. २२ मीटर तुम्ही कुठून कुठे मोजलेत? खालचं टोक म्हणजे पंप चालू असताना उतरलेली पाण्याची पातळी, पंपाचा पाया नव्हे. वरचं टोक म्हणजे पाइपाचं तोंड, जर पाणी टाकीच्या काठावरून मोकळं पडत असेल तर. पाइप टाकीच्या तळातून आत गेला असेल तर टाकीतली पाण्याची पातळी धरायची. मी पुढे तुमचे २२ च खरे मानतोय.

आता घर्षण आणि प्रवाह एकमेकांवर अवलंबून असण्याचं ते वर्तुळ फोडू. वेगवेगळ्या प्रवाहांना लाइन किती हेड मागते आणि पंप किती देतो, हे दोन्ही शेजारी मांडायचं. लाइनचं मागणं म्हणजे २२ अधिक घर्षण अधिक फिटिंग्ज. प्रत्येक वेळी सूत्र पहिल्यापासून करायची गरज नाही, ५ लिटरला १८.४ मीटर हे माहीत आहे, बाकीच्या प्रवाहांसाठी प्रमाणाचा १.८५ वा घात घ्यायचा. ३ लिटरला घर्षण ७.१ मीटर येतं, ४ लिटरला १२.२, साडेचारला १५.१. फिटिंग्ज आणि उंची धरून लाइन ३ लिटरला २९.६ मीटर मागते, ४ ला ३५, साडेचारला ३८.१ आणि ५ ला ४१.६. पंपाचा तुम्ही पाठवलेला आलेख सांगतो की व्हॉल्व्ह बंद असताना ४६ मीटर, ३ लिटरला ४२, ४ ला ३८.५, साडेचारला ३६.७ आणि ५ ला ३४.५. ४ लिटरला पंपाकडे हेड शिल्लक आहे. साडेचारला कमी पडतंय. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात त्या ४.३५ लिटरच्या आसपास, तिथे लाइनची मागणी आणि पंपाचं देणं दोन्ही ३७ मीटरच्या थोडं वर आहेत. २०० लिटर भागिले ४.३५ म्हणजे ४६ सेकंद.

तुमचा ड्रमही ४६ सेकंदच सांगतोय. मला या जुळण्याचा आनंद आहे, पण इतकं तंतोतंत जुळण्यात थोडा नशिबाचाही हात असतो. सी १४० धरला असता तर रेषा ४.२ लिटरला छेदल्या असत्या. घर्षणात १४ टक्क्यांचा फरक असूनही प्रवाहात फरक तीन-चार टक्क्यांचाच पडतो, कारण प्रवाह जरासा घटला की घर्षण झपाट्याने उतरतं आणि पंपाचं हेड वर चढतं. म्हणून सी १४० की १५० यावर वाद घालणाऱ्यांत मी पडत नाही. जुन्या, आतून गंजलेल्या लोखंडी पाइपचं प्रकरण निराळं. तिथे सी १०० किंवा त्याच्याही खाली जातो, १५० च्या जागी १०० धरला तर घर्षण दुपटीहून जास्त होतं, शिवाय गंजाच्या थरांनी व्यासही आटलेला असतो. अशा लाइनचा कागदावरचा अंदाज मी कोणाला ठामपणे देत नाही.

नेमप्लेट बघून पंप घेणाऱ्यांसाठी जाता जाता: प्लेटवर एका ओळीत सर्वाधिक हेड आणि दुसऱ्या ओळीत सर्वाधिक प्रवाह लिहिलेला असला, तर ते दोन्ही एका वेळी कधीच मिळत नाहीत. सर्वाधिक हेड प्रवाह शून्य असतानाचं असतं. तुम्ही आलेख मागून घेतलात हे फार बरं केलंत, त्याच्याशिवाय वरचं काहीच करता आलं नसतं.

कागद बाजूला ठेवून घर्षण थेट मोजायचीही सोय आहे आणि ती मला सूत्रापेक्षा प्रिय आहे. पंपाच्या डिलिव्हरीवर (पाणी बाहेर जातं त्या बाजूला), नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे, एक प्रेशर गेज बसवा. पंप चालू करून प्रवाह स्थिर होऊ द्या, आकडा टिपा. पंप बंद करा, काटा शांत झाला की पुन्हा टिपा. बंद असतानाचा आकडा म्हणजे गेजपासून वरपर्यंतची नुसती उंची. दोन्हींतला फरक म्हणजे त्या प्रवाहाला गेजच्या पुढची लाइन जे हेड खाते ते, फिटिंग्जसकट. प्रति चौरस सेंटिमीटर १ किलो म्हणजे १० मीटर पाणी. तुमच्याकडे हा फरक दीड किलोच्या जवळपास यायला हवा. बंद केल्यावर काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय, मग ती मोजणी बाद. गेज कमी दाबाचाच घ्या. १० किलोच्या गेजवर दीड किलोचा फरक वाचणं म्हणजे अंदाजपंचे.

फरक दीडच्या जागी अडीच किलो आला तर सूत्र चुकलं असं समजू नका. लाइनमध्ये काहीतरी अडलंय. अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, जोडाशी आत दुमडलेला पाइप किंवा उंचवट्यावर साठलेली हवा. हवेचा संशय मी नेहमी आधी घेतो. पाइप चढ-उताराच्या जमिनीवरून गेला की मधल्या माथ्यावर हवेचा फुगा अडकतो, पाण्याला खालून चिंचोळी वाट उरते आणि तेवढं हेड फुकट जातं. हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. माथ्यावर एअर व्हॉल्व्ह बसवला की लाइन मोकळी होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मोठा पंप. तुम्हाला किती पाणी हवंय त्यावर उत्तर ठरतं, पण तुमच्या लाइनला मी पंप बदलायचा सल्ला देणार नाही. समजा ६ लिटर हवेत. याच पाइपात ६ लिटरला घर्षण २५.८ मीटर होतं आणि सगळं धरून हेड ४९.५ मीटर. आज पाण्याला प्रत्यक्ष दिली जाणारी शक्ती १.६ किलोवॅट आहे, तेव्हा ती २.९ होईल. पाणी ३८ टक्के जास्त, शक्ती ८० टक्क्यांहून जास्त, आणि या जादा शक्तीतला मोठा भाग पंप चालेल तेवढा वेळ पाइपाची भिंत घासण्यात जाणार. वर नव्या पंपाचं व्हॉल्व्ह बंद असतानाचं हेड तुमच्या पाइपच्या दाबश्रेणीत बसतंय का, तेही तपासावं लागेल.

त्याऐवजी पाइप बघा. ९० मि.मी.च्या, ५.४ मि.मी. भिंतीच्या पाइपचा आतला व्यास ७९.२ मि.मी. येतो. ५ लिटरला ६०० मीटरचं घर्षण १८.४ वरून ७.६ मीटरवर येतं. आजचाच पंप त्या लाइनवर साडेपाच लिटर देईल, ड्रम ३६ सेकंदांत. सगळा पाइप बदलणं जमत नसेल तर अर्धा बदला. ३०० मीटर जुना आणि ३०० मीटर नवा असं धरून दोन्हींची घर्षणं वेगळी काढून नुसती मिळवायची. ५ लिटरला ती १३ मीटर होते आणि रेषा ४.८ लिटरला छेदतात. कोणता अर्धा बदलायचा याने घर्षणात फरक पडत नाही, पण पंपाजवळच्या भागावर दाब सगळ्यात जास्त असतो, म्हणून नवा पाइप मी तिकडे टाकतो.

तिसरी वाट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुना पाइप तसाच ठेवून त्याला समांतर आणखी एक ७५ चाच पाइप टाकायचा. दोन्हींतून निम्मा-निम्मा प्रवाह जातो आणि निम्म्या प्रवाहाला घर्षण २८ टक्केच उरतं. याने तुम्हाला ५.८ लिटरपर्यंत मिळतील, म्हणजे ९० च्या एका पाइपहूनही जास्त. शिवाय एक लाइन फुटली तर दुसरीवर काम चालू राहतं. फक्त दोन्हीकडे बंद करायचे व्हॉल्व्ह हवेत.

सक्शनचा, म्हणजे पंपाकडे पाणी खेचणारा, पाइप या सगळ्यात वेगळा ठेवा. तिथलं घर्षण एकूण हेडमध्ये मिळवायचं हे खरं, पण ते पंपाला पाणी खेचण्यातही आड येतं. डिलिव्हरीत २ मीटर जास्त गेले तर थोडं पाणी कमी येतं. तेच सक्शनला गेले तर पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरू शकतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन इंपेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजायला लागतो, पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. सक्शन आखूड आणि डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा ठेवावा. पुढे साडेपाच-पावणेसहा लिटर न्यायचे असतील तर तुमचा फूट व्हॉल्व्ह आणि सक्शन आधी बघून घ्या.

तर आधी गेज लावा. फरक दीड किलोच्या आसपास आला तर वरचं गणित धरून पाइपचा निर्णय घ्या, बराच जास्त आला तर आधी अडथळा शोधा. पाइप मोठा केल्यावर पहिल्यांदा पंप सुरू कराल तेव्हा मोटरचे अँपिअर नक्की बघा. सेंट्रीफ्यूगल पंपावरचं हेड कमी झालं की तो जास्त पाणी ओढतो आणि बहुतेक वेळा मोटरवरचा भारही वाढतो. अँपिअर प्लेटवरच्या आकड्याच्या वर जात असतील तर डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत ते मर्यादेत आणा आणि त्या जागेवर हँडलला खूण करून ठेवा.